दूरवरची नोंदवही

स्मरणिकेसाठी लेख मागताना समितीने मला विषय मोकळा सोडला होता. शाळेच्या आठवणी बाकीचे लिहिणारच आहेत, आणि माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. मी माझ्या कामाचा थोडा इतिहास सांगते. "तू नक्की करतेस तरी काय?" हा प्रश्न आपल्या ग्रुपवर मला निदान दहा वेळा विचारला गेलाय आणि प्रत्येक वेळी "सॉफ्टवेअर" एवढंच सांगून मी सुटले आहे. इतिहासाच्या बाई सनावळी विचारायला लागल्या की माझी बोबडी वळायची, हे माझ्या बाकावरच्या मैत्रिणींना आठवत असेल. बाई, या लेखात सनावळी आहे, आणि तपासून लिहिली आहे.

हेडसरांच्या खोलीतलं शेरेबुक आठवतंय? तपासणीला आलेले साहेब त्यात शेरा लिहून जायचे. शेजारी हजेरीपट आणि आवक-जावक रजिस्टर. शाळेत वर्षभर काय चाललं ते बाहेरच्या माणसाला कळायचं ते या वह्यांमधूनच. सॉफ्टवेअरचीही अशी वही असते. प्रोग्रॅम चालता चालता तो स्वतःच तिच्यात लिहीत जातो: इतक्या वाजता विनंती आली, बँकेकडे विचारणा केली, उत्तर आलं नाही, पुन्हा विचारलं. या वहीला आम्ही लॉग म्हणतो. मी पुण्यात बसते, सर्व्हर असतो मुंबईत किंवा थेट आयर्लंडमध्ये. रात्री दोन वाजता काही बंद पडलं तर तिथे काय झालं हे सांगणारी साक्षीदार ही एकटी वही.

लॉग म्हणजे मूळचा लाकडाचा ओंडका. जुन्या जहाजांवर गाठी मारलेल्या दोरीला लाकडाचा तुकडा बांधून तो पाण्यात टाकत आणि ठरावीक वेळात किती गाठी हातातून सुटल्या ते मोजत. त्यावरून वेग कळे. जहाजाचा वेग आजही 'नॉट' म्हणजे गाठींमध्ये सांगतात तो त्यामुळेच. तो आकडा ज्या वहीत उतरवायचा ती लॉगबुक. सरकारी जीपच्या ड्रायव्हरकडे असतं तेही तेच.

संगणकाच्या लॉगबुकातलं सगळ्यात प्रसिद्ध पान ९ सप्टेंबर १९४७चं आहे. हार्वर्डच्या मार्क २ या यंत्राच्या रिलेमध्ये एक पतंग अडकून मेला होता. चालवणाऱ्यांनी तो चिकटपट्टीने वहीत डकवला आणि खाली लिहिलं की प्रत्यक्ष 'बग' सापडल्याची ही पहिलीच घटना. ते पान आज अमेरिकेच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयाकडे आहे. 'बग' हा शब्द त्या दिवशी जन्मला असं सगळीकडे सांगतात, पण ते खरं नाही. यंत्रातल्या दोषासाठी एडिसनने तो १८७०च्या दशकातच वापरला होता. शब्द आधीपासून रुळलेला होता, म्हणून तर त्या नोंदीत विनोद आहे.

त्या काळी यंत्र आणि वही एकाच खोलीत असत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बर्कली विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल हा ईमेल पोहोचवणारा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याच्या नोंदींसाठी सिसलॉग नावाची सोय केली. या सोयीमुळे एका यंत्राची नोंद नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राकडे पाठवता येऊ लागली. पंचवीस यंत्रांच्या वह्या एका टेबलावर आल्या. शिवाय प्रत्येक नोंदीला गांभीर्याची पायरी मिळाली. या पायऱ्या आठ: सगळ्यात वर 'आणीबाणी', सगळ्यात खाली 'डीबग', म्हणजे फक्त दोष शोधणाऱ्याला लागणारा बारीकसारीक तपशील. नोंदी जायच्या त्या साध्या पोस्टकार्डासारख्या. पोचपावती नाही, वाटेत हरवल्या तर हरवल्या. तरीही ही सोय इतकी पसरली की तिचं रीतसर वर्णन थेट २००१ साली कागदावर आलं, तोवर जग ती जवळपास वीस वर्षं वापरत होतं.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. ४ जुलै १९९७ला नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं. आपण तेव्हा बारावीत होतो. त्या छोट्या सहाचाकी गाडीचे फोटो पेपरात आले होते. पेपरात कमी आलं ते हे, की उतरल्यावर काही दिवसांतच यानाचा संगणक मधूनच आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागला. गोळा केलेली माहिती जात नव्हती, पण त्या दिवशीचं उरलेलं काम दुसऱ्या दिवसावर पडायचं. यान पृथ्वीपासून सुमारे १९ कोटी किलोमीटर दूर होतं आणि संदेश एका बाजूने जायलाच दहा मिनिटांहून जास्त वेळ लागत होता. तिथे जाऊन वायर हलवून बघणार कोण?

दोष काय होता ते शाळेच्या भाषेत सांगते. कपाटाची किल्ली एकच, आणि ती आहे पाचवीतल्या एका मुलाकडे. हेडसरांना ती तातडीने हवी आहे. मुलगा द्यायला निघालाय, पण जिन्यात आठवी-नववीची पोरं वरखाली करतायत आणि मोठे म्हणून आधी तेच जाणार. त्यांना हेडसर थांबलेत हे माहीतच नाही. म्हणजे सगळ्यात मोठा माणूस मधल्यांमुळे खोळंबला. यानावर पाचवीतला मुलगा होता हवामानाची माहिती गोळा करणारा प्रोग्रॅम, आणि हेडसर होता यानभर माहिती वाटणारा प्रोग्रॅम. तो वेळेत संपला नाही की काहीतरी भयंकर बिघडलंय असं समजून यंत्रणा सगळंच पुन्हा सुरू करायची.

हे सापडलं ते नोंदींमुळे. यानाच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठलं काम कधी सुरू झालं, कधी थांबलं, कोण कशासाठी अडलं, हे टिपून ठेवणारी सोय होती. प्रयोगशाळेत ती वापरत. मंगळावर ती चालू नव्हती, कारण अशा सोयींतून इतकी माहिती निघते की ती पृथ्वीवर पाठवायला वाव नसतो. पण उड्डाणापूर्वी 'आता काय गरज' म्हणून तो भाग काढून टाकला नव्हता. जे तपासलं तेच उडवायचं, हे त्यांचं धोरण. त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या जेपीएल प्रयोगशाळेत यानाच्या जुळ्या भावावर तेच सॉफ्टवेअर, नोंदी चालू करून, तो दोष पुन्हा घडेपर्यंत चालवता आलं. घडल्यावर नोंदी वाचल्या आणि किल्लीचा घोळ दिसला. उपाय सोपा होता: किल्ली हातात असेपर्यंत पाचवीतल्या मुलालाच हेडसरांचा मान द्यायचा, म्हणजे जिना मोकळा. त्यांच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ही सोय तयारच होती, फक्त बंद होती. पृथ्वीवरून छोटीशी दुरुस्ती पाठवून ती चालू केली आणि यान सुरळीत चाललं.

एक गोष्ट मात्र मला आजही टोचते. हा दोष उड्डाणाआधीच्या चाचण्यांत दिसला होता. पुन्हा घडवता आला नाही, म्हणून राहून गेला. पुन्हा न घडणारा दोष काय असतो हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

मी २००२मध्ये इंजिनिअर होऊन नोकरीला लागले तेव्हा आमच्यापुढे हाच प्रश्न होता, फक्त मंगळाच्या जागी ग्राहकाचं ऑफिस. जावात लिहिणारे आम्ही लॉग४जे वापरायचो. चेकी ग्युल्चू या प्रोग्रॅमरने त्याची सुरुवात केली, पुढे ते अपाचे या स्वयंसेवी संस्थेकडे गेलं. फुकट आणि उत्तम, म्हणून सगळेच वापरायचे. तपशील वाढवायचा तर सेटिंग बदलून सर्व्हर बंद-चालू करावा लागे, निदान आमच्याकडे तरी. आणि बंद-चालू केला की दोष गायब! डॉक्टरांच्या दारात पाऊल टाकताच पोटदुखी थांबावी तसं. म्हणून चालत्या प्रोग्रॅमची पायरी बाहेरून, लांबून बदलता यावी याची फार निकड होती. २००४च्या जावा ५मध्ये तशी सोय भाषेतच आली. आज मी पुण्यातून एक आज्ञा देते आणि आयर्लंडमधला प्रोग्रॅम न थांबता जास्त बोलायला लागतो. काम झालं की दुसरी आज्ञा, की गप्प.

दुसरी आज्ञा द्यायला मी एकदा विसरले. २०११ची गोष्ट. एका ग्राहकाच्या तक्रारीचा छडा लावायला शुक्रवारी संध्याकाळी डीबग चालू केलं, कारण सापडलं, मुलीला पाळणाघरातून आणायचं होतं म्हणून तशीच उठले. रविवारी पहाटे नोंदींनी डिस्क भरली आणि लिहायला जागा नाही म्हणून सगळी सेवाच बंद पडली. सेवा दोन तासांत सुरू झाली. सोमवारी मात्र त्या फाइली साफ करताना दिसलं की डीबगमध्ये लोकांची नावं, फोन नंबर, पत्ते, सगळं जसंच्या तसं उतरलं होतं. दोन दिवस ते त्या सर्व्हरवर शिरता येणाऱ्या कुणालाही वाचता आलं असतं. आम्ही पुसलं. साहेबांनी डिस्कबद्दल विचारलं, पत्त्यांबद्दल विचारलं नाही, आणि मीही आपणहून काढलं नाही. हे मी पहिल्यांदाच लिहितेय. पुढे मे २०१८मध्ये ट्विटरने आपल्या ३३ कोटींच्या वर वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं, कारण पासवर्ड त्यांच्या आतल्या लॉगमध्ये उघडे लिहिले जात होते. ती बातमी वाचून हसणाऱ्यांत मी नव्हते.

शेवटचं प्रकरण डिसेंबर २०२१चं. लॉग४जेच्या दुसऱ्या आवृत्तीत २०१३ साली एक सोय घातली गेली होती: नोंदीच्या मजकुरात विशिष्ट खूण असली तर लिहिण्याआधी प्रोग्रॅमने दिलेल्या पत्त्यावरून माहिती आणून तिथे भरायची. पण नोंदीत बाहेरच्या माणसाने टाइप केलेलं काहीही येतं. त्याने ती खूण करून स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता लिहिला, तर तिथून आणलेला कोडही चालवला जायचा. माइनक्राफ्ट या मुलांच्या खेळात नुसतं चॅटमध्ये ते वाक्य टाकून सर्व्हर ताब्यात घेता येत होता. म्हणजे शेरेबुकात कुणी लिहावं "तिजोरी उघडा", आणि वहीनेच उठून ती उघडावी. अलीबाबा क्लाऊडच्या चेन झाओजुन यांनी २४ नोव्हेंबरला अपाचेला कळवलं होतं, १० डिसेंबरच्या शुक्रवारपर्यंत ते जगजाहीर झालं. धोक्याचं माप दहापैकी दहा. त्या आठवड्यात माझ्या भाचीची हळद होती आणि मी मांडवामागे लॅपटॉप घेऊन आमच्या कुठल्या कुठल्या प्रोग्रॅममध्ये ते लपलंय याची यादी करत होते. एक सापडलं ते अशा प्रोग्रॅममध्ये, की तो कुणी चालू केला हे कंपनीत कुणालाच आठवत नव्हतं. महिना संपायच्या आत दुरुस्तीवर आणखी तीन दुरुस्त्या आल्या. त्या करणारे लोक आपापल्या नोकऱ्या सांभाळून फुकट काम करत होते आणि जगभरातून शिव्या खात होते. दहा वर्षं त्यांचं फुकट वापरणाऱ्यांत आम्हीही होतो, आणि आम्ही त्यांना कधी साधं आभाराचं पत्रही लिहिलं नव्हतं.

आता माझ्या टीममध्ये लांबून चालू केलेलं डीबग अर्ध्या तासाने आपोआप बंद होतं. कुणी चालू केलं, कशासाठी, हे वेगळ्या वहीत जातं, आणि नाव, नंबर, पत्ता लिहिण्याआधीच झाकला जातो. टीममधली नवी मुलं या अर्ध्या तासावर कुरकुर करतात. मी तो वाढवून दिलेला नाही. ती वही दर सोमवारी मी स्वतः वाचते.