उचल, हुकूम आणि निवड : बीड जिल्ह्यातील दोन खेळाडू

खेळाडूने कोणासाठी खेळावे हे ठरवण्याच्या अधिकाराचा प्रश्न अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये न्यायालयात गेला. ऑस्कर रॉबर्टसन यांनी 1970 मध्ये दाखल केलेल्या दाव्यात 1976 मध्ये तडजोड झाली आणि करार संपल्यावरही खेळाडूला जुन्याच संघाशी जखडून ठेवणारी अट सैल झाली. बांधिलकीचा हा प्रकार बीड जिल्ह्याला खेळामुळे नव्हे, तर ऊसतोडीमुळे ठाऊक आहे : हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, म्हणजे ‘उचल’, फिटेपर्यंत ‘कोयत्या’ला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला, दुसरा मुकादम धरणे अवघड असते. येथील खेळाडू मात्र कराराने बांधलेला नव्हता. त्याला बांधून ठेवत होती ती खुराकाची आणि नोकरीची गरज.

कुस्तीत वस्तादाचा, म्हणजे तालमीतील गुरूचा, शब्द अखेरचा मानला जाई. पाटोदा तालुक्यातील राहुल आवारे पुण्यात आधी हरिश्चंद्र बिराजदार आणि नंतर काका पवार यांच्या हाताखाली घडले. तालमीबाहेर संघनिवडीचा अधिकार कुस्ती महासंघाकडे होता, आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकसाठी 57 किलो गटात आवारे यांच्याऐवजी संदीप तोमर गेले. आवारे यांनी 2018 मध्ये राष्ट्रकुल सुवर्ण आणि 2019 मध्ये जागतिक कांस्यपदक मिळवले, पण ते कांस्य 61 किलोचे, म्हणजे ऑलिंपिकमध्ये नसलेल्या गटातले होते.

आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे यांची वाट अधिक बोलकी आहे. शाळेसाठी रोज पाच-सहा किलोमीटर पायपीट करणारा हा मुलगा बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनमध्ये राहिला, आणि लष्करी प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या सांगण्यावरून स्टीपलचेसकडे वळला. 3000 मीटरच्या या शर्यतीत 28 अडथळे आणि 7 पाण्याचे खड्डे ओलांडावे लागतात. 2018 मध्ये साबळे राष्ट्रीय शिबिरातील परदेशी प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव यांच्याकडे गेले, तेथील सराव मानवला नाही म्हणून अमरीश कुमार यांच्याकडे परतले, आणि त्याच वर्षी भुवनेश्वरला 8 मिनिटे 29.80 सेकंदांत धावून त्यांनी गोपाल सैनी यांचा 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. शिबिराची वाट सोडून स्वतःला मानवणारा गुरू निवडणे हा, प्रस्तुत लेखकाच्या मते, या जिल्ह्याच्या क्रीडा-इतिहासातील पदकांइतकाच महत्त्वाचा क्षण होय.

पुढे ते अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे स्कॉट सिमन्स यांच्याकडे सरावाला गेले. 1998 पासून केनियाने या शर्यतीतले एकही राष्ट्रकुल पदक हातचे जाऊ दिले नव्हते. 2022 मध्ये बर्मिंगहॅमला अब्राहम किबिवोट यांच्या मागे अवघ्या 0.05 सेकंदाने साबळे यांनी रौप्य घेतले. 2023 मध्ये हांगझोउ आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळाले, आणि 2024 मध्ये पॅरिसला 8 मिनिटे 9.91 सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम झाला. गुरू बदलले, देश बदलला. लष्करातील नोकरी मात्र कायम राहिली.