राजाश्रयातील फलंदाज

खेळाडूच्या चरित्रात धावांचे आणि गड्यांचे आकडे विपुल असतात. त्याचे पोट कशावर चालत होते, ह्याचा उल्लेख मात्र त्यात क्वचितच आढळतो. गवयाचे चरित्र लिहिणारा असा मोघम राहत नाही. अल्लादियाखाँ कोल्हापूरच्या दरबारी होते, फैयाझखाँ बडोद्याच्या, हे तो आरंभीच सांगून टाकतो. कारण आश्रयावाचून कला जगत नाही, हे आपल्या समाजाला पूर्वापार ठाऊक आहे. खेळाच्या बाबतीत मात्र आपण असे समजून चालतो की, मुलगा शाळेच्या मैदानावर चमकला म्हणजे तो आपोआप देशाच्या संघापर्यंत जाऊन पोहोचतो. शाळा सुटते तो दिवस आणि खेळावर पहिला पैसा मिळतो तो दिवस, ह्या दोहोंमध्ये जो लांबलचक काळ जातो, त्या काळात त्याला कोणी पोसले, हा प्रश्न आम्हांस धावांच्या आकड्यांइतकाच महत्त्वाचा वाटतो. विजय सॅम्युएल हजारे ह्यांच्या चरित्राकडे ह्या दृष्टीने पाहिले असता त्यातून आपल्या खेळाच्या इतिहासाचे एक प्रकरणच उलगडते.

हजारे ह्यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीस झाला. कुटुंब मराठी ख्रिस्ती, वडील शाळामास्तर, आणि घरात आठ मुले. शिक्षकाच्या तुटपुंज्या वेतनात आठ लेकरांचा संसार म्हणजे काय, हे मध्यमवर्गीय वाचकांस उलगडून सांगण्याची गरज नाही. अशा घरातील मुलाने शिकावे, नोकरी धरावी आणि धाकट्या भावंडांस हातभार लावावा, हाच त्या काळचा सरळ मार्ग होता. क्रिकेट हा खेळ त्या मार्गावर कोठेच बसत नव्हता. रणजी करंडकाची स्पर्धा १९३४-३५ साली सुरू झाली आणि त्याच पहिल्या हंगामात हजारे महाराष्ट्राकडून उतरले, तेव्हा त्यांचे वय अवघे एकोणीस-वीस वर्षांचे होते. परंतु महाराष्ट्राच्या संघात जागा मिळणे निराळे आणि त्या जागेवर चूल पेटणे निराळे.

त्या काळी आपल्याकडे क्रिकेट खेळणारांचे ढोबळ मानाने तीन वर्ग होते. पहिला घरच्या संपन्नतेवर खेळणारांचा. मुंबईचे विजय मर्चंट गिरणीमालकांच्या घराण्यातील होते. दुसरा वर्ग दुसऱ्या एखाद्या व्यवसायावर निर्वाह करून खेळणारांचा. महाराष्ट्राचे कर्णधार प्रा. दि. ब. देवधर हे पुण्यास संस्कृतचे अध्यापन करीत आणि उरलेल्या वेळात संघ उभा करीत. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. तिसरा वर्ग संस्थानिकांच्या पदरी राहून खेळणारांचा. इंदूरच्या होळकरांनी १९२३ साली सी. के. नायडू ह्यांना आपल्याकडे बोलावून फौजेत कप्तानाचा हुद्दा दिला, हे ह्या प्रथेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. हजारे ह्यांच्याजवळ गिरणी नव्हती आणि संस्कृतची पदवीही नव्हती. त्यांना तिसरा मार्गच मोकळा होता.

त्या मार्गाने ते गेले ते कोठे, हे पाहण्यासारखे आहे. देवासच्या पवारांनी त्यांस जवळ केले आणि मध्य हिंदुस्थानच्या संघातून ते काही वर्षे खेळले. जतच्या राजेसाहेबांनी ऑस्ट्रेलियाचे विख्यात फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट ह्यांना शिक्षक म्हणून आणले होते. त्यांच्याजवळ हजारे ह्यांना शिकावयास मिळाले. हजारे ह्यांची उभे राहण्याची पद्धत पुस्तकी नव्हती. बॅट दोन्ही पॅडांच्या मध्ये धरून ते उभे राहत. दुसरा एखादा शिक्षक असता तर त्याने प्रथम तीच मोडली असती. ग्रिमेट ह्यांनी ती मोडली नाही, हे त्या गुरूचे मोठे शहाणपण. पुढे १९४१च्या सुमारास हजारे बडोद्याच्या गायकवाडांकडे आले, ते कायमचेच. देवास, जत, बडोदे ही तिन्ही संस्थाने मराठी राजकुळांची. त्यांपैकी दोन महाराष्ट्राबाहेरची. मराठी मुलखातील एका शाळामास्तराच्या मुलाला अन्न मिळाले ते मुख्यतः ह्या दूरवरच्या मराठी दरबारांत.

आम्ही ज्या नंदुरबार जिल्ह्यात राहतो तेथून ही गोष्ट विशेष स्पष्ट दिसते. नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. हजारे ह्यांच्या काळी हा सारा पश्चिम खानदेश, म्हणजे मुंबई इलाख्याचा मुलूख. परंतु नवापूर ओलांडून रेल्वेने सुरतेच्या बाजूस निघाले की थोड्याच वेळात सोनगड लागते. अठराव्या शतकात गायकवाडांच्या सत्तेचे मूळ ठाणे तेच, आणि संस्थाने विलीन होईपर्यंत तो भाग बडोद्याच्याच नवसारी प्रांतात मोडत असे. अलीकडे महाराष्ट्राचा संघ, पलीकडे बडोद्याचा. हजारे ह्यांनी जी सीमा ओलांडली ती आमच्या अगदी शिवेवरून जाते. अलीकडे कीर्ती होती आणि पलीकडे भाकरी, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

कीर्ती अलीकडे होती, असे आम्ही म्हणतो ते उगाच नव्हे. १९३९-४० साली पुण्यास महाराष्ट्राकडून खेळताना त्यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या; रणजी करंडकातील ते पहिले त्रिशतक. आणि ते कोणाविरुद्ध? बडोद्याविरुद्धच! ज्या संघाला त्यांनी असे झोडपले त्याच संघाने पुढे त्यांस आपलेसे केले, ह्यात गायकवाडांची गुणग्राहकता तर दिसतेच, पण महाराष्ट्राची असमर्थताही दिसते. पुण्याजवळ विद्या होती, उत्साह होता, देवधरांसारखा नेता होता. नव्हती ती केवळ एक नोकरी.

आश्रय लाभल्यानंतर हजारे ह्यांचा खेळ कसा फुलला ह्याची साक्ष पुढील पाचसहा वर्षे देतात. १९४३ च्या डिसेंबरात मुंबईस पंचरंगी सामन्यांचा अंतिम सामना झाला. ह्या स्पर्धेत संघ धर्मावर पाडलेले असत. हजारे ख्रिस्ती, म्हणून ते 'इतर' ह्या संघात होते. हिंदूंनी ५८१ धावा केल्या, त्यांत मर्चंट ह्यांच्या नाबाद २५०. उत्तरादाखल 'इतरां'चा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा झाल्या आणि त्यांपैकी ३०९ एकट्या हजारे ह्यांच्या होत्या. त्यांचे बंधू विवेक ह्यांनी त्यांच्यासह ३०० धावांची भागी केली, तीत विवेक ह्यांचा वाटा २१ धावांचा! सामना डावाने हरला तो हरलाच. परंतु एका बाजूने गडी टिकवीत दुसऱ्या बाजूने साऱ्या संघाचा भार वाहावा, हे हजारे ह्यांच्या नशिबी जे पुढे वारंवार आले त्याचे हे पहिले मोठे दर्शन होते. त्याच हंगामात मर्चंट ह्यांनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ धावा काढून पुन्हा वरचढ केली. गिरणीमालकाच्या घरचा मुलगा आणि शाळामास्तराचा मुलगा ह्यांच्यामधील ही चढाओढ लोकांनी मोठ्या आवडीने पाहिली; त्या दोघांच्या पायांखालील जमीन सारखी नव्हती, ह्याचा विचार मात्र फार थोड्यांनी केला असेल.

१९४७ च्या मार्चमध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात बडोदे आणि होळकर समोरासमोर आले. म्हणजे दोन मराठी दरबारच मैदानात उतरले. होळकरांच्या २०२ धावांना उत्तर देताना बडोद्याचे तीन गडी ९१ धावांत गेले होते. तेथून हजारे आणि गुल महंमद ह्यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. गुल महंमद ३१९, हजारे २८८. बडोदे एक डाव व ४०९ धावांनी जिंकले. ही भागी जगातील कोणत्याही गड्यासाठीची सर्वांत मोठी म्हणून २००६ सालापर्यंत टिकली. त्यानंतर पाचच महिन्यांत देश स्वतंत्र झाला आणि त्याबरोबर फाळणीही झाली; गुल महंमद पुढे पाकिस्तानकडूनही कसोटी सामना खेळले. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. तो विक्रम ज्या छत्राखाली झाला, ते छत्र सव्वादोन वर्षांच्या आतच मिटले.

ह्या आश्रयाची दुसरी बाजूही इतिहासाने नोंदवून ठेवली आहे, आणि ती झाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जो पोसतो तो हुकूमही करतो. १९३६ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात संघाचे नेतृत्व विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे गेले ते त्यांच्या खेळामुळे नव्हे. आणि लाला अमरनाथांसारख्या खेळाडूला त्याच दौऱ्यातून अर्ध्यावर घरी पाठविण्यात आले. राजाची मर्जी हा कायदा नव्हे, आणि मर्जीवर उभारलेला व्यवसाय मर्जीबरोबर ढासळतो. हजारे ह्यांना गुणज्ञ आश्रयदाते लाभले, हे त्यांचे भाग्य. ती काही व्यवस्था नव्हे.

व्यवस्था परदेशांतही एकदम उभी राहिली नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये शाळा, विद्यापीठ आणि धंदेवाईक संघ अशी सरळ चढण आज दिसते. परंतु १९३६ साली तेथे धंदेवाईक संघांनी विद्यापीठीय खेळाडूंची पहिली निवड केली, तेव्हा सर्वप्रथम निवडलेल्या जे बरवँगर ह्यांनी त्या धंद्यात पाऊलही टाकले नाही, कारण मिळणारे वेतन त्यांस पुरेसे वाटले नाही. इंग्लंडात तर पैसा घेऊन खेळणारा आणि हौशी 'सद्गृहस्थ' असा भेद १९६२ सालापर्यंत कायम होता. पोटासाठी खेळणारा तो कनिष्ठ, ही समजूत तेथे इतकी दृढ होती की विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडचे नेतृत्व धंदेवाईक खेळाडूकडे आलेच नाही. त्या शतकात ते प्रथम लेन हटन ह्यांच्याकडे आले, जून १९५२ मध्ये, लीड्स येथे. आणि त्या सामन्यात नाणेफेकीला त्यांच्यासमोर उभे राहिलेले भारताचे कर्णधार होते विजय हजारे. पोटासाठी खेळणारे दोन पुरुष आपापल्या देशाचे प्रतिनिधी म्हणून समोरासमोर आले, हा क्षण आम्हांस कोणत्याही शतकाइतकाच मोलाचा वाटतो.

त्याच सामन्याच्या दुसऱ्या डावात भारताचे चार गडी शून्य धावांवर बाद झाले. त्या पडझडीत हजारे आणि दत्तू फडकर ह्यांनी शंभरावर धावांची भागी करून लाज राखली. ह्याआधी जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेड येथे ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध त्यांनी ११६ व १४५ अशी दोन्ही डावांत शतके काढली होती. कसोटीत असे करणारे ते पहिले भारतीय. त्याच सामन्यात २०१ धावांवर ब्रॅडमनचा त्रिफळाही त्यांनीच उडविला; तरी सामना भारत हरला. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळविला, तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. तीस कसोटींत त्यांनी सात शतकांसह २१९२ धावा केल्या, सरासरी ४७.६५, आणि पहिल्या कसोटीच्या वेळी ते एकतीस वर्षांचे होते, हे विसरता कामा नये. महायुद्धाने त्यांची ऐन उमेदीची वर्षे कसोटी क्रिकेटपुरती कोरी ठेवली.

संस्थान गेले तरी हजारे बडोद्यातच राहिले. लँकेशायरच्या लीगमध्ये वेतन घेऊनही ते खेळले. राजाच्या मर्जीऐवजी लेखी कराराची भाकरी त्यांनी तेथे खाल्ली. सरकारने १९६० साली त्यांस पद्मश्री दिली. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यासच त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या नावाने आज देशांतर्गत एकदिवसीय स्पर्धा खेळली जाते.

आता काळ पालटला आहे. २००८ साली आयपीएल सुरू झाल्यापासून कोवळ्या वयाच्या खेळाडूंवर लिलावात बोली लागते, आणि सांगलीचा शाळामास्तर आज मुलाच्या खेळाला खुळ म्हणणार नाही. परंतु लिलाव तयार झालेल्या खेळाडूचा होतो. तयार होत असलेल्याचा होत नाही. देवास आणि बडोदे ह्यांनी जे दिले ते शिखरावर पोहोचल्याचे बक्षीस नव्हते. शिखर दृष्टीसही पडत नव्हते त्या वर्षांचे अन्न होते. धडगाव-अक्कलकुव्याच्या आश्रमशाळेतील एखादा मुलगा उद्या अचूक चेंडू टाकू लागला, तर जिल्ह्याच्या संघापासून महाराष्ट्राच्या संघापर्यंतची वाट कागदावर त्याला आज मोकळी आहे. त्या वाटेवरील पाचसात वर्षे त्याच्या घरची चूल कोण पेटती ठेवणार, हे मात्र कोणत्याही कागदावर लिहिलेले नाही. पूर्वी ह्या प्रश्नाचे उत्तर एखाद्या राजाच्या लहरीवर अवलंबून असे. ते लहरीवर नसावे, म्हणूनच तर आपण राज्ये विलीन केली; परंतु जो भार त्या लहरीने का होईना उचलला जात होता, तो आता आपणा सर्वांच्या खांद्यावर आला आहे, ह्याची जाणीव हजारे ह्यांचे चरित्र वाचताना व्हावी, एवढेच आम्हांस सुचवावयाचे आहे.