सावलीवरून उंची

बंगळुरूत वर्षातून दोनदा, २४ एप्रिलच्या आणि १८ ऑगस्टच्या सुमारास, मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशीच विरते. शून्य सावलीचा हा दिवस मी व्हाइटफील्डमध्ये एका गच्चीवरून पाहिला आहे. सव्वाबारा वाजून गेले होते. पाण्याच्या टाकीजवळचा लोखंडी पाइप सावलीविना उभा होता आणि समोरचे उंच मनोरेही. त्या क्षणी कोणी थेट वरून छायाचित्र घेतले असते, तर मनोरा कोणता आणि जुना कौलारू बंगला कोणता हे सावली पाहून सांगता आले नसते.

या उपनगराचा इतिहास वाचताना मला ही अडचण सतत भेटते. जमीन कोणाकडून कोणाकडे गेली हे दफ्तरात सापडते, रस्ते नकाशावर सापडतात. पण एखादी आळी कोणत्या वर्षी किती उंच होती, हे सहसा कोणी लिहून ठेवत नाही. ते आकाशातून घेतलेल्या चित्रांवरून काढावे लागते.

त्याची सर्वांत जुनी रीत सावलीची. सावलीची लांबी आणि सूर्याचा क्षितिजापासूनचा कोन माहीत असला की उंची मिळते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त छायाव्यवहार नावाचे प्रकरणच आहे. बारा अंगुळांचा शंकू रोवायचा, त्याची सावली मोजायची आणि त्रैराशिकाने दिव्याची उंची काढायची, अशी उदाहरणे त्यात येतात. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. तसे सांगणारा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. उपग्रहाच्या चित्रावर सावली मोजणारा आजचा अभ्यासक तेच त्रैराशिक मांडतो. फरक इतकाच, की दिव्याच्या जागी सूर्य आहे आणि शंकूच्या जागी इमारत.

मात्र व्हाइटफील्डमध्ये हे गणित ऋतूप्रमाणे बदलते. पृथ्वीची चित्रे घेणारे बरेच उपग्रह स्थानिक वेळेनुसार सकाळी साडेदहाच्या आसपास डोक्यावरून जातात. त्या वेळी तीस मीटर उंचीच्या इमारतीची सावली डिसेंबरअखेर सुमारे सत्तावीस मीटर पडते, तर एप्रिलअखेर जेमतेम बारा मीटर. त्यातही शेजारी दुसरी इमारत असली, तर सावली तिच्या भिंतीवर चढते आणि जमिनीवर तोकडी दिसते. म्हणजे वस्ती जितकी दाट, तितकी उंची कमी भरण्याची शक्यता जास्त.

व्हाइटफील्ड मुळात दाट नव्हतेच. १८८२ मध्ये म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी युरेशियन आणि अँग्लो-इंडियन संघटनेला शेतीच्या वसाहतींसाठी ३,९०० एकर जमीन दिली. संघटनेचे संस्थापक डी. एस. व्हाइट यांचे नाव गावाला मिळाले. गाव वर्तुळाकार आखले गेले. ‘इनर सर्कल’ हे नाव अजून टिकून आहे. मोठी आवारे, बैठी कौलारू घरे, भोवती झाडे. पुढे शंभरेक वर्षे गावाची उंची म्हणजे झाडांची उंची. १९९० च्या दशकात भारत आणि सिंगापूरच्या भागीदारीतून इंटरनॅशनल टेक पार्क उभे राहिले आणि मग गाव वर चढू लागले.

तोवर मोजण्याची दुसरी रीत भारतीय उपग्रहावरही येण्याच्या बेतात होती. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवणे अवघड जाते. खोली कळायला दोन डोळे लागतात. ५ मे २००५ रोजी सोडलेल्या कार्टोसॅट-१ ला असे दोन डोळे होते. एक कॅमेरा २६ अंश पुढे झुकलेला, दुसरा ५ अंश मागे. एकच जागा दोन कोनांतून टिपली की उंच वस्तूचा माथा दोन चित्रांत सरकलेला दिसतो, आणि त्या सरकण्यावरून उंची काढता येते. चित्रातला एक ठिपका जमिनीवर अडीच मीटरचा. दोन कॅमेऱ्यांतला कोन धरून हिशेब केला, तर माथा एक ठिपका सरकणे म्हणजे सुमारे चार मीटर उंची. मनोऱ्यासाठी हे पुरेसे आहे. बैठे घर मात्र एका ठिपक्यात संपते. शिवाय कॅमेऱ्याला दिसतो तो सर्वांत वरचा पृष्ठभाग. इनर सर्कलमधल्या घरांवर झाडे झुकलेली आहेत, त्यामुळे घराच्या नावावर झाडाची उंची लागते.

२०२४ मध्ये गूगलने सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या चित्रांवरून २०१६ ते २०२३ या वर्षांतल्या इमारतींच्या उंचीचे वार्षिक अंदाज खुले केले. त्यांत दक्षिण आशियाही आहे. इथे सावली कोणी हाताने मोजत नाही. शिकवलेले संगणकीय प्रारूप अंदाज बांधते. सरासरी चूक दीड मीटरची, म्हणजे एका मजल्याहून कमी, असे सांगितले जाते. व्हाइटफील्ड वर्षागणिक कसे वाढले हे घरबसल्या पाहता यावे, ही इतिहासाच्या अभ्यासकाला केवढी तरी मोठी देणगी.

पण दीड मीटर सगळ्यांना सारखा नसतो. साठ मीटरच्या मनोऱ्यात तो कुठे गेला कळतही नाही. हे मनोरे बांधणाऱ्या मजुरांच्या पत्र्याच्या खोलीची उंचीच अडीच-तीन मीटर; तिच्यातून दीड मीटर गेला तर निम्मे घर गेले. त्या खोल्या काम संपले की उठतात, त्यामुळे वर्षातून एकदा काढलेल्या आकड्यात त्या सापडतीलच असेही नाही. सातबाऱ्यात किंवा करवहीत ज्यांची नोंद नाही, त्यांना आकाशातून तरी पाहता येईल अशी माझी आशा होती. ती अर्धीच फळली.

म्हणून आता आकड्यांशेजारी मी एक वही ठेवतो. नकाशा जिथे शून्य ते तीन मीटर दाखवतो, तिथे पायी जातो. घर आहे की झाड, कौले आहेत की पत्रे, कोण राहते आणि कधीपासून, एवढे लिहून आणतो.