पोत्याचं वजन

महापालिकेची निवडणूक जवळ आली की पुण्यात दाराच्या फटीतून कार्यअहवाल आत सरकू लागतात. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर हात जोडलेले नगरसेवक, आत ड्रेनेज लाइन, डासांसाठी औषधफवारणी, रक्तदान शिबिर, मोफत चष्मेवाटप आणि उपचारखर्चाच्या शहरी गरीब योजनेसाठी किती जणांना मदत केली याचा पाढा. गुलटेकडी, मार्केट यार्ड, बिबवेवाडी या पट्ट्यात त्यात आणखी एक भर पडते. बाजाराचा कचरा, ट्रक-टेम्पोंची कोंडी आणि पावसाळ्यात सडक्या भाजीचा वास. या मजकुराला कुणी इतिहास म्हणणार नाही. पण बाजार आणि लोकांची तब्येत या दोन गोष्टींचा हिशेब एकाच माणसाकडे मागायची पुणेकरांची सवय दीडशे वर्षांची आहे, आणि त्या हिशेबातून काय वगळलं गेलं याचीही एक वेगळी कहाणी आहे.

जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. ते सरकारनियुक्त सदस्य होते, पण मान डोलावणारे नव्हते. १८ जुलै १८८० रोजी त्यांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापक समितीच्या हंगामी अध्यक्षांना, प्लंकेट यांना, पत्र लिहिलं. शहरात दारूची दुकानं वाढताहेत, कुटुंबं धुळीला मिळताहेत, आणि नगरपालिका एकीकडे आरोग्यावर खर्च करत असताना दुसरीकडे हे चालू आहे, असा त्याचा आशय. नुसती तक्रार करून ते थांबले नाहीत. या दुकानांवर नगरपालिकेने कर बसवावा, असा उपायही सुचवला. सार्वजनिक आरोग्य म्हणजे गटारं आणि झाडलोट एवढंच मानण्याच्या काळात एक सदस्य दारूच्या गुत्त्याला आरोग्याच्या खात्यात ओढत होता.

त्याच सुमारास बाजाराचा प्रश्न पुढे आला. शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या मैदानात भाजीबाजार भरत असे. चिखल, जनावरं, सडलेला माल असं सगळं तिथे एकत्र होतं. बंदिस्त, पक्की, हवेशीर मंडई हवी, असं नगरपालिकेतल्या बहुतेकांना वाटत होतं. फुले विरोधात होते. हा पैसा आधी गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असं त्यांचं म्हणणं. ज्यांच्या वडिलांचं भाजीचं दुकान होतं आणि जे स्वतः शेती व कंत्राटदारी करत होते, त्यांना बाजाराचं वावडं असायचं कारण नव्हतं. प्रश्न प्राधान्याचा होता, आणि त्यात ते हरले. १८८६ मध्ये अष्टकोनी मनोऱ्याची देखणी इमारत उभी राहिली आणि मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांच्या नावाने ती ‘रे मार्केट’ झाली. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिचं नाव महात्मा फुले मंडई झालं. पुण्याने आपल्या विरोधकाचा सन्मान इतक्या सढळ हाताने क्वचितच केला असेल.

मंडई उभी राहून दहा वर्षं होतात न होतात तोच प्लेग आला.

त्याची सुरुवात बाजारातच झाली, पण मुंबईच्या. मांडवी म्हणजे बंदरालगतचा, धान्याच्या वखारींचा भाग. तिथे दवाखाना चालवणारे गोव्याचे डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगास मुंबई महापालिकेच्या स्थायी समितीचे सदस्यही होते. काखेत आणि जांघेत गाठी, प्रचंड ताप आणि झपाट्याने मृत्यू अशी लक्षणं त्यांनी पाहिली. २३ सप्टेंबर १८९६ रोजी स्थायी समितीच्या बैठकीत त्यांनी सरळ सांगून टाकलं की हा प्लेग आहे. लोकप्रतिनिधीने आपल्या भागातल्या आरोग्याची दिलेली इतकी महत्त्वाची माहिती हिंदुस्थानात फार थोडी सापडेल. ऐकणाऱ्यांना ती रुचली नाही. व्यापार बुडेल, शहर ओस पडेल, ही धास्ती होती. निदानाची शहानिशा करायला तज्ज्ञ नेमले गेले आणि त्यांनीही तेच सांगितलं.

पुण्यात मात्र लोकप्रतिनिधीच्या तोंडून काही ऐकण्याची पाळीच आली नाही. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला, वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याकडे प्लेग समितीचा कारभार आला आणि नगरपालिका बाजूला पडली. लष्कराच्या तुकड्या घरोघर शिरल्या, सामान रस्त्यावर आलं, भिंतींना चुना लागला. उंदरावरच्या पिसवांमधून रोग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवलं ते १८९८ मध्ये. म्हणजे १८९७ च्या मार्चमध्ये गोरे सोजीर देवघरं उपसत होते तेव्हा धान्याच्या कोठारातल्या उंदराला कुणी आरोपी मानलेलंच नव्हतं. टिळक त्याआधी दोन वर्षं नगरपालिकेवर निवडून आले होते. त्यांनी ‘केसरी’तून या जुलमावर आसूड ओढले, आणि हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग रुग्णालय उभं करण्यातही ते पुढे होते. हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांचा दवाखाना चालू होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आलेल्या सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. शाळेच्या पुस्तकात तेवढंच राहिलं. नगरपालिकेला डावलून आरोग्याचा कारभार करता येतो, हा पायंडा मात्र कुणाच्या फारसा लक्षात राहिला नाही.

पुढची पन्नाससाठ वर्षं घाऊक बाजार पेठांमध्येच वाढत गेला. भाजी मंडईत, तर धान्य, गूळ, मिरची नाना पेठ आणि भवानी पेठेत. अरुंद रस्ते, दोन्ही बाजूंना गाळे, वर माळ्यावर बारदान, आणि दिवसभर खाली-वर होणारी पोती. याच नाना पेठेत बाबा आढाव नावाचे तरुण डॉक्टर दवाखाना चालवत. जन्म १ जून १९३०, मुक्काम तिथलाच, मन राष्ट्र सेवा दल आणि समाजवादी चळवळीत. दवाखान्यात हमाल येत. कुणाची कंबर धरलेली, कुणाची मान आखडलेली, कुणाला मिरचीच्या धुळीने खोकला. गोळी देऊन या दुखण्यांचं काही होणार नाही हे डॉक्टरांना लवकरच उमगलं, कारण दुखणं पोत्यात होतं.

धान्याचं पोतं तेव्हा शंभर किलोचं असे. ट्रकचा फाळका उघडला की वरचे दोघे पोतं कडेला आणतात. खाली एक जण पाठ वाकवून, गुडघे किंचित मोडून उभा असतो. पोतं मानेच्या खाली पाठीवर येतं, तो लोखंडी हुकाने त्याचा कान धरतो आणि तसाच वाकलेला गोदामात जातो. तिथे थप्पी लावायची. थप्पी जसजशी चढते तसतसं पोतं फळीवरून वर न्यावं लागतं. तोल गेला तर फक्त माणूस पडत नाही, त्याच्यावर पोतंही पडतं. आणि हे सगळं नगावर. मुकादम, वजनाचा काटा आणि शेठजी यांच्यात मजुरीचा हिशेब व्हायचा. आजारी पडल्यास त्या दिवसाचा रोजगार बुडाला, एवढाच नियम.

१९५५ मध्ये आढावांच्या पुढाकाराने हमालांची संघटना, हमाल पंचायत, उभी राहिली. साठच्या दशकात आढाव पुणे महापालिकेत नगरसेवकही होते. पण त्यांचं आरोग्याचं खरं काम सभागृहाबाहेर झालं असं म्हटलं तर ते चुकीचं ठरू नये. अपघाताची भरपाई, ठरलेले दर आणि आठवड्याची सुट्टी या मागण्या कुठल्याही कार्यअहवालात ‘आरोग्य’ या मथळ्याखाली छापल्या गेल्या नसत्या. पण हमालाच्या पाठीला फवारणीपेक्षा त्यांचाच उपयोग होता. मुंबईत अण्णासाहेब पाटील माथाडींची, म्हणजे डोक्यावर ओझं वाहणाऱ्या कामगारांची, संघटना बांधत होते. या सगळ्या रेट्यातून १९६९ मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. त्याची रचना साधी पण हुशार होती. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर ठरलेली लेव्ही माथाडी मंडळाकडे भरायची, आणि मंडळाने त्यातून मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, रजेचे पैसे, वैद्यकीय मदत द्यायची. मालक रोज बदलणाऱ्या माणसाला कायमस्वरूपी मालक सापडला.

खाण्याचं काय, हा प्रश्न उरला. गावाकडे कुटुंब ठेवून आलेले हमाल मिळेल ते खात. १९७४ मध्ये पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ सुरू केलं. झुणका-भाकर, उसळ, भात, परवडेल अशा दरात. आजही मार्केट यार्डाच्या परिसरात दुपारी तिथे रांग दिसते, आणि रांगेत फक्त हमाल नसतात. रिक्षावाले, विद्यार्थी, माल घेऊन आलेले शेतकरी, सगळे असतात. पोत्याचं वजन उतरवायला त्याहून जास्त वेळ लागला. एका माणसाने उचलायच्या वजनाची मर्यादा ५५ किलो असावी, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्येच केली होती. ती पुण्याच्या गाळ्यावर पोचायला अनेक वर्षं आणि बरीच आंदोलनं लागली. आता बहुतेक माल ५० किलोच्या पोत्यात येतो.

दरम्यान बाजारच हलला. पुणे कृषी उत्पन्न बाजार समिती १९५७ ची. पेठांतली कोंडी असह्य झाल्यावर घाऊक व्यापार टप्प्याटप्प्याने गुलटेकडीला गेला. तेव्हा ते शहराबाहेर होतं. श्री छत्रपती शिवाजी मार्केट यार्ड उभं राहिलं. भुसार, फळं-भाजीपाला, कांदा-बटाटा, फुलं असे वेगवेगळे विभाग, रुंद रस्ते, मोठे गाळे. मग शहर मागोमाग आलं. गंगाधाम, बिबवेवाडी, सॅलिसबरी पार्क यांनी यार्डाला वेढा घातला, आणि शनिवारवाड्यासमोर होती तीच तक्रार नव्या पत्त्यावर दाखल झाली.

२०२० च्या मार्चमध्ये राज्य सरकारने करोनाविरुद्ध हत्यार काढलं ते तेच, १८९७ च्या साथरोग कायद्याचं. पुण्यात भवानी पेठ ही साथीच्या पहिल्या टप्प्यातली सर्वांत बाधित पेठ ठरली, म्हणजे जुना घाऊक बाजार जिथून हलला तीच. एप्रिलमध्ये मार्केट यार्ड बंद झालं आणि मेअखेरपर्यंत बंदच राहिलं. भाजीसाठी शहराची भिस्त मोशी, मांजरीसारख्या उपबाजारांवर आली. शहर भाजीवाचून अडलं नाही. हमालाच्या चुलीचं गणित निराळं होतं, कारण पोतं हललं नाही तर मजुरीही नाही आणि लेव्हीही नाही.

त्यानंतरचा काळ आणखी चमत्कारिक. मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं पुण्याला नगरसेवकच नव्हते. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गिया बारे सिंड्रोमचे रुग्ण आढळू लागले आणि संशय पाण्यावर गेला. तेव्हा प्रभागातून जाब विचारायला निवडून आलेलं कुणीच नव्हतं. बाजार समितीची गतही निराळी नव्हती. तिथे जवळपास दोन दशकं प्रशासकांचा कारभार होता. निवडणूक झाली ती २०२३ मध्ये. अठरा संचालकांत हमाल-तोलणारांची जागा एक.

त्याच वर्षी माथाडी कायद्यात बदल करणारं विधेयक आलं. कायद्याचा कणा मोडेल म्हणून कामगार संघटना रस्त्यावर उतरल्या, आणि नव्वदी ओलांडलेले बाबा आढाव त्यांच्यासोबत होते. ८ डिसेंबर २०२५ रोजी ते गेले. पुढच्याच महिन्यात, १५ जानेवारी २०२६ ला, पुण्याने पुन्हा नगरसेवक निवडले. त्यांच्यापुढे मार्केट यार्डापुरती अडचण जुनीच आहे. यार्डाच्या आतला रस्ता, गटार, दिवा बाजार समितीने बघायचा, फाटकाबाहेरचा महापालिकेने, आणि दोन्हींच्या मधून पोतं नेणाऱ्या माणसाची नोंद माथाडी मंडळाकडे.