व्हॉइस, द

दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धेचा एक आंतरराष्ट्रीय आराखडा. गाणाऱ्याकडे पाठ करून बसलेल्या ख्यातनाम गायक-गायिकांनी केवळ आवाजावरून स्पर्धक निवडावेत, त्यांचे चमू बनवावेत व मार्गदर्शन करून ते चमू परस्परांविरुद्ध उतरवावेत, ही त्याची मूळ कल्पना होय. नेदर्लंड्समधील आर्‌टीएल ४ या वाहिनीवर १७ सप्टेंबर २०१० रोजी ‘द व्हॉइस ऑफ हॉलंड’ या नावाने त्याचा प्रारंभ झाला. पुढील दशकात साठांहून अधिक देश-प्रदेशांत त्याची रूपांतरे झाली. रूप, वय, पेहराव वा ओळख यांचा विचार न होता आवाजाचेच मोल व्हावे, हे या स्पर्धेने दिलेले वचन तिच्या लोकप्रियतेचे मुख्य कारण ठरले. ते वचन कोठवर पाळले गेले, हाच तिच्या इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न आहे.

हौशी कलावंतांच्या जाहीर स्पर्धा दूरचित्रवाणीहून जुन्या आहेत. अमेरिकेत एडवर्ड बोझ यांच्या हौशी कलावंतांच्या नभोवाणी-कार्यक्रमातून १९३५ साली फ्रँक सिनात्रा चार जणांच्या गायकवृंदातील एक म्हणून श्रोत्यांपुढे आला होता. ब्रिटनमधील ‘पॉप आयडॉल’ (२००१) व त्यावरून निघालेला ‘अमेरिकन आयडॉल’ (२००२) या कार्यक्रमांनी प्रेक्षकांच्या मतदानाची जोड देऊन या प्रकाराला प्रचंड व्यापारी रूप दिले. त्यांत परीक्षकांच्या बोचऱ्या शेऱ्यांना आणि बेसूर गाणाऱ्यांच्या फजितीला करमणुकीचे स्थान होते. ‘द एक्स फॅक्टर’ (२००४) मध्ये परीक्षक स्वतःच स्पर्धकांचे मार्गदर्शकही झाले. ‘द व्हॉइस’ने यातील मार्गदर्शनाचा धागा उचलला व फजितीचा भाग जवळजवळ गाळून टाकला.

या आराखड्याचे जनकत्व जॉन द मोल (जन्म १९५५) व गायक रूल व्हान व्हेल्झन यांच्याकडे दिले जाते. ‘एंडेमॉल’ या निर्मितिसंस्थेचा सहसंस्थापक आणि ‘बिग ब्रदर’ (१९९९) या कार्यक्रमाचा कर्ता म्हणून द मोल हे नाव आधीच जगभर पोहोचले होते. पहिल्या डच मालिकेत स्वतः व्हान व्हेल्झन, आंखेला ग्रोटहाउझन, येरून व्हान डर बूम आणि निक व सायमन ही जोडी असे मार्गदर्शक होते. बेन साँडर्स हा तिचा विजेता ठरला (जानेवारी २०११).

स्पर्धेचे सारे नाट्य एका खुर्चीत साठविलेले आहे. मार्गदर्शक उंच पाठीच्या लाल खुर्च्यांत रंगमंचाकडे पाठ करून बसतात. गाणे दीडएक मिनिटाचे असते. आवाज पसंत पडल्यास मार्गदर्शकाने गाणे संपण्यापूर्वी कळ दाबावयाची, की खुर्ची गर्रकन वळते. एकानेच कळ दाबली, तर स्पर्धक त्याच्या चमूत जातो. एकाहून अधिक खुर्च्या वळल्या, तर निवडीचा अधिकार स्पर्धकाकडे येतो आणि क्षणापूर्वीचे न्यायाधीश त्याची मनधरणी करू लागतात. ही अदलाबदल या आराखड्याची खरी नवलाई होय. पुढील फेरीत एकाच चमूतील दोघांना मुष्टियुद्धाच्या आखाड्यासारख्या मंचावर एकच गाणे गावे लागते व मार्गदर्शक त्यांतील एकाला ठेवतो. अखेरच्या फेऱ्या थेट प्रक्षेपित होतात व निकाल प्रेक्षकांच्या मतांवर लागतो.

ही निवड ‘अंध’ म्हणविली जाते. तथापि ते विशेषण खुर्च्यांत बसलेल्यांपुरतेच खरे आहे. लाल खुर्चीसमोर येण्यापूर्वी स्पर्धक निर्मात्यांच्या प्राथमिक चाळण्यांतून गेलेला असतो आणि तेथे तो दिसतही असतो, त्याची जीवनकहाणीही विचारली जाते. घरचा प्रेक्षक तर गाणे सुरू होण्याआधीच त्याचे घर, आईवडील व आजारपण पाहून बसलेला असतो. एकदा खुर्ची वळली, की दिसणे पुन्हा स्पर्धेत शिरते व मतदानापर्यंत तेथेच राहते. पडद्याआडची निवड ही कल्पनाही नवी नव्हती. बॉस्टन सिंफनी या वाद्यवृंदाने १९५२ साली उमेदवारांना पडद्याआडून वाजविण्यास लावले होते. भारतात बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी मंत्री असताना (१९५२–६२) आकाशवाणीने गायकवादकांसाठी स्वरचाचणी लागू केली. नाव न सांगता ऐकवलेल्या ध्वनिमुद्रणावरून श्रेणी ठरविण्याची रीत तीत रूढ झाली. अनेक नामवंतांना ती अपमानास्पद वाटली होती. मात्र या दोन्ही ठिकाणी पडदा पक्षपात टाळण्यासाठी होता व तो कोणी पाहात नव्हते. ‘द व्हॉइस’मध्ये पडदा दूर होण्याचा क्षण हाच विक्रीचा माल झाला.

इटलीतील २०१४ ची मालिका या दृष्टीने बोलकी आहे. क्रिस्तिना स्कुच्चा ही उर्सुलाइन संघातील तरुण जोगीण गाऊ लागली, तेव्हा चारही मार्गदर्शकांच्या खुर्च्या वळल्या आणि समोर संन्यासिनीचा वेश पाहून ते अवाक् झाले. त्या चेहऱ्यांची चित्रफीत काही दिवसांत जगभर पाहिली गेली. रॅपगायक जे-अॅक्स याच्या चमूतून तिने अंतिम विजय मिळविला. आवाज न पाहता निवडला गेला हे खरे. पण कीर्ती मिळाली ती पाहण्याजोग्या विसंगतीला. २०२२ साली तिने धर्मसंघ सोडल्याचे जाहीर केले.

अमेरिकेत एन्‌बीसी वाहिनीवर २६ एप्रिल २०११ रोजी हा कार्यक्रम सुरू झाला. क्रिस्टिना अॅगिलेरा, सीलो ग्रीन, अॅडम लेव्हिन व ब्लेक शेल्टन हे पहिले मार्गदर्शक व हाव्हिएर कोलोन हा पहिला विजेता. एक लाख डॉलर व ध्वनिमुद्रणाचा करार असे पारितोषिक होते. स्पर्धकाचे गाणे विकत घेणे हेही मत म्हणून मोजण्याची सोय येथे झाली. २०१३, २०१५, २०१६ व २०१७ या वर्षी कार्यक्रमाला एमी पुरस्कार मिळाला. ब्रिटनमध्ये तो मार्च २०१२ पासून बीबीसीवर व २०१७ पासून आय्‌टीव्हीवर दिसू लागला. या आय्‌टीव्ही कंपनीनेच २०१५ साली द मोल यांची ‘टाल्पा मीडिया’ ही संस्था विकत घेतली होती. अरबी रूपांतर २०१२ मध्ये, तर अफगाणिस्तानातील २०१३ मध्ये आले. काबूलच्या त्या मंचावर आर्याना सईद ही गायिका मार्गदर्शक म्हणून बसली. स्त्रीने जाहीरपणे गाणे हेच जेथे धाडस, तेथे लाल खुर्चीला वेगळाच अर्थ होता. बालगायकांची आवृत्ती (२०१२) व ज्येष्ठांची आवृत्ती (२०१८) या दोन्ही नेदर्लंड्समध्येच प्रथम निघाल्या.

इतक्या देशांतून निवडलेल्या विजेत्यांपैकी टिकाऊ कीर्ती लाभलेले थोडे आहेत. उलट हरलेल्यांची नावे अधिक लक्षात राहिली. डच गायक डंकन लॉरेन्स २०१४ च्या सुमारास उपान्त्य फेरीत बाद झाला व २०१९ साली त्याने युरोव्हिजन स्पर्धा जिंकली. फ्रान्समधील लुआन २०१३ साली उपान्त्य फेरीपर्यंतच पोहोचली. चित्रपटातील अभिनयासाठी तिला २०१५ मध्ये सेझार पुरस्कार मिळाला. अमेरिकेत मेलनी मार्टिनेझ व मॉर्गन वॉलन हे दोघेही विजेते नव्हते. मार्गदर्शक मात्र वर्षानुवर्षे खुर्चीत राहतात (शेल्टन २०२३ पर्यंत, म्हणजे तेवीस मालिका होता) आणि दर वर्षी बदलणाऱ्या स्पर्धकांपेक्षा त्यांच्याच थट्टामस्करीशी प्रेक्षकाचे नाते जडते. आवाजाच्या शोधासाठी काढलेला कार्यक्रम अशा रीतीने आधीच ख्यातकीर्त असलेल्यांची कीर्ती वाढविणारा ठरला.

भारतात ‘द व्हॉइस इंडिया’ जून २०१५ मध्ये अँड टीव्ही या वाहिनीवर सुरू झाला. शान, सुनिधी चौहान, मिका सिंग व हिमेश रेशमिया हे मार्गदर्शक होते. त्यांपैकी सुनिधी चौहान स्वतः दूरदर्शनवरील ‘मेरी आवाज सुनो’ या स्पर्धेची १९९६ मधील बालविजेती. झी वाहिनीवरील ‘सा रे ग म’ (१९९५) पासून अशा कार्यक्रमांची सवय हिंदी प्रेक्षकाला होतीच. महाराष्ट्रात २००८-०९ मधील ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’ने कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन व रोहित राऊत ही पाच नावे घरोघर नेली होती, पण त्या मंचावर मुले सर्वांना दिसत होती व भावगीत, नाट्यगीत, अभंग यांचा वारसा ती गात होती. ‘द व्हॉइस इंडिया’ने लाल खुर्चीबरोबर ‘कोच’ हा शब्दही आणला. गुरूपाशी वर्षानुवर्षे तालीम घेण्याची परंपरा असलेल्या देशात काही आठवड्यांच्या मार्गदर्शनाला हा क्रीडाक्षेत्रातील शब्दच अधिक शोभतो. पहिला विजेता उत्तराखंडचा पवनदीप राजन. सहा वर्षांनी, २०२१ मध्ये, तो ‘इंडियन आयडॉल’मध्ये पुन्हा स्पर्धक म्हणून उभा राहिला व तेथेही जिंकला, पहिल्या विजेतेपदाने त्याला किती दूर नेले होते, याची कल्पना यावरून येते. २०१९ ची मालिका स्टार प्लसवर झाली व तीत ए. आर्. रहमान यांना ‘महागुरू’च्या धर्तीवरील स्थान देण्यात आले.

आराखड्याच्या मालकीचा प्रश्न चीनमध्ये उघड झाला. निव्वळ कल्पनेवर लेखाधिकार सांगता येत नाही. म्हणून अशा व्यवहारात नाव, बोधचिन्ह, मंचरचना व निर्मितीची तपशीलवार पोथी यांचा परवाना विकला जातो. ‘व्हॉइस ऑफ चायना’ जुलै २०१२ मध्ये झेज्यांग दूरचित्रवाणीवर सुरू होऊन अफाट लोकप्रिय झाला. २०१६ साली टाल्पाने हक्क दुसऱ्या चिनी कंपनीस दिले व वाद न्यायालयात गेला. जुन्या निर्मात्यांना नाव बदलावे लागले. इतकेच नव्हे, तर वळणारी खुर्चीही टाकून द्यावी लागली. नव्या कार्यक्रमात खुर्ची वळण्याऐवजी उतरत्या मार्गावरून गायकाकडे घसरत येऊ लागली. याच कार्यक्रमात मार्गदर्शक राहिलेली गायिका कोको ली जुलै २०२३ मध्ये निवर्तली. तेथे मिळालेल्या वागणुकीविषयीची तिची ध्वनिमुद्रित तक्रार पुढील महिन्यात प्रसृत झाली व वाहिनीने प्रक्षेपण थांबविले.

मूळ डच कार्यक्रमावरचे संकट याहून गंभीर होते. जानेवारी २०२२ मध्ये ‘बोस’ या शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमाने ‘द व्हॉइस ऑफ हॉलंड’शी संबंधित पुरुषांकडून झालेल्या लैंगिक गैरवर्तनाच्या व अत्याचाराच्या अनेक तक्रारी गोळा केल्या. तक्रारदारांत तरुण स्पर्धक स्त्रिया होत्या. तो भाग २० जानेवारीला प्रसृत होण्यापूर्वीच आर्‌टीएल वाहिनीने चालू मालिका स्थगित केली. स्त्रियांनी वेळीच पुढे येऊन सांगावयास हवे होते, अशा आशयाचे उद्गार द मोल यांनी मुलाखतीत काढले. तेव्हा त्यांच्याच संस्थेतील स्त्री-कर्मचाऱ्यांनी वृत्तपत्रात जाहिरात देऊन दोष स्त्रियांचा नसल्याचे त्यांना सुनावले. काही प्रकरणे पुढे न्यायालयात गेली. मंचावर निवडीचा अधिकार क्षणभर स्पर्धकाकडे येत असे. मंचामागे मात्र संधी, करार व ओळखी यांच्या किल्ल्या नामवंतांकडेच होत्या आणि वीसएक वर्षांच्या मुलीने तक्रार न्यावी कोणाकडे, याची तजवीज त्या तपशीलवार पोथीत पुरेशी नव्हती. या प्रकरणानंतर नेदर्लंड्समधील कला, माध्यमे व क्रीडा या क्षेत्रांतील सत्तेच्या गैरवापराविषयी देशभर चर्चा सुरू झाली व त्याच वर्षी लैंगिक गैरवर्तनाच्या प्रश्नावर एका शासकीय आयुक्तांची नेमणूक करण्यात आली.