द्रवीय दाबयंत्र व पत्रा वाकविण्याचे जोडसाधन

बंदिस्त द्रवाच्या एका भागावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, या गुणधर्माच्या आधारे अल्प प्रेरणेपासून मोठी प्रेरणा मिळविणारे यंत्र म्हणजे द्रवीय दाबयंत्र होय. धातूचा पत्रा अथवा पट्टी वाकविण्यासाठी लहान कर्मशाळांतून वापरण्यात येणारे जोडसाधन हे याच यंत्राच्या दोन शतकांहून अधिक काळच्या विकासाचे फलित आहे.

इतिहास : या यंत्रामागील तत्त्व फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्काल (१६२३–६२) यांनी मांडले. त्यांच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, दोन तोंडे असलेल्या भांड्याचे एक तोंड दुसऱ्याच्या शंभरपट मोठे असल्यास लहान दट्ट्यावरील एक माणूस मोठ्या दट्ट्यावरील शंभर माणसांना तोलून धरील, असे विवेचन आहे. तथापि हे तत्त्व व्यवहारात येण्यास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. दट्ट्या व सिलिंडर यांच्या फटीतून पाणी निसटत असे आणि ती फट घट्ट बुजविली, तर दट्ट्याच अडकून बसे, ही त्यातील मुख्य अडचण होती.

इंग्लंडमधील जोसेफ ब्रामा (१७४८–१८१४) यांनी १७९५ मध्ये द्रवीय दाबयंत्राचे एकस्व मिळविले. पाण्याचा दाब वाढेल तसतशी आपोआप अधिक घट्ट बसणारी चामड्याची वाटीसारखी कडी यात निर्णायक ठरली. तिचे श्रेय ब्रामा यांच्या कर्मशाळेतील हेन्री मॉड्झली (१७७१–१८३१) यांना दिले जाते.

यानंतरचा प्रश्न सामग्रीच्या बळकटीचा होता. वेल्समधील ब्रिटानिया पुलाच्या सु. १४० मी. लांबीच्या लोखंडी नळ्या १८४९ मध्ये द्रवीय दाबयंत्रांनी वर उचलण्यात आल्या. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये एका यंत्राच्या बिडाच्या सिलिंडरचा तळ फुटला. नळी वर चढेल तसतसा तिच्याखाली आधार रचीत जावे, असा अभियंता रॉबर्ट स्टीव्हन्सन यांचा आग्रह होता; त्यामुळेच ती थोड्या अंतरावर थोपली गेली व मोठा अनर्थ टळला. १८५८ मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ हे प्रचंड जहाज पाण्यात ढकलण्यासाठीही द्रवीय साधने कामी आली, तर जॉन हॅसवेल यांनी १८६१ मध्ये व्हिएन्ना येथे घडाईसाठी असे यंत्र वापरले. भारतात मुंबई, वऱ्हाड व खानदेश येथे कापसाच्या गाठी बांधण्याच्या कारखान्यांतून द्रवीय दाबयंत्रे परिचित झाली.

लहान कर्मशाळांच्या दृष्टीने रिचर्ड डजन यांचे १८५१ चे अमेरिकन एकस्व महत्त्वाचे आहे. त्यांच्या सुटसुटीत द्रवीय जॅकने ही शक्ती एका माणसाच्या हाती आणून दिली. दोन खांब, वरची आडवी तुळई व हवी त्या उंचीवर खिळीने बसविता येणारा खालचा पाट अशा चौकटीत जॅक बसविला, की लहान दाबयंत्र तयार होते. तरफेमुळे २० पट व दट्ट्यांच्या क्षेत्रफळांतील फरकामुळे २५ पट लाभ मिळाल्यास, घर्षण न धरता, दांड्यावरील २० किग्रॅ. भारापासून १० टन प्रेरणा मिळते; मात्र त्या प्रमाणात दांडा फार अधिक अंतर चालवावा लागतो.

जोडसाधन : यात खाली इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेला साचा (डाय) व वर पात्यासारखा पंच असतो. दाबाखाली पत्र्याची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली आकसते. भार काढल्यावर स्थितिस्थापकतेमुळे पत्रा किंचित उलगडतो. म्हणून काटकोन हवा असल्यास तो थोडा अधिक वाकवितात व त्यासाठी खाचेचा कोन ९०° पेक्षा काहीसा कमी ठेवतात. खाचेची रुंदी सामान्यतः पत्र्याच्या जाडीच्या आठपट घेतात. या प्रमाणात ३ मिमी. जाडीचा व ३०० मिमी. लांबीचा साध्या पोलादाचा पत्रा वाकविण्यास सु. ७ टन प्रेरणा लागते, ६ मिमी. जाडीस ती सु. १५ टन होते. खाच तीच ठेवून जाडी दुप्पट केल्यास मात्र प्रेरणा सु. चौपट लागते.

जॅकचा दट्ट्या मध्यावर सरळ दाब देण्यासाठी असतो. बाजूचा रेटा तो सोसत नाही. पत्रा एका कडेला ठेवल्यास पंच तिरका होतो, वाक असमान येतो आणि जॅकही बिघडतो. म्हणून दोन्ही टोकांस मार्गदर्शक दंड व पंच परत वर नेणाऱ्या स्प्रिंगा बसवितात, पंचाची वरची पट्टी जाड ठेवतात व काम मध्यावर घेतात. कठीण पोलादाचा अथवा बिडाचा तुकडा दाबाखाली अकस्मात फुटून उडू शकतो. त्यामुळे समोर संरक्षक जाळी असणे व साच्याची क्षमता चौकटीच्या क्षमतेहून कमी न धरणे आवश्यक असते. प्रेरणा निर्माण करण्याइतकेच ती सुरक्षितपणे पेलणे महत्त्वाचे, हा ब्रिटानिया पुलाचा धडा लहान यंत्रालाही लागू पडतो.