आपल्याकडे की पलीकडे?

खग्रास ग्रहणात चंद्र जे काम करतो, तेच बेर्नार लिओ या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1930 च्या सुमारास दुर्बिणीतल्या एका चकतीकडून करून घेतले. चकतीने सूर्यबिंब झाकले की भोवतालचे फिकट प्रभामंडल दिसू लागते. या उपकरणाला कॉरोनाग्राफ म्हणतात. पेटत्या दिव्यासमोर अंगठा धरून ही कल्पना आम्ही वर्गात सहज दाखवतो.

कॉरोनाग्राफ अवकाशात गेला आणि 1971 साली सूर्यापासून फेकला जाणारा द्रव्याचा लोंढा प्रथमच टिपला गेला. 1979 च्या नोव्हेंबरात तर असा एक लोंढा झाकलेल्या बिंबाभोवती कड्यासारखा चहूबाजूंनी पसरताना दिसला. लोंढा नेमका आपल्या दिशेने येत असेल तर असे कडे दिसणारच. पण तो सूर्याच्या पाठीमागून उलट दिशेला निघाला असेल, तरी चित्र जवळपास तेच! दृश्य प्रकाशात आपण पाहतो तो लोंढ्यातील इलेक्ट्रॉनांनी विखुरलेला सूर्यप्रकाश. त्यावरून पुढचे-मागचे ठरवणे कठीण. आणि जिथे खुणा सापडतील ते बिंब तर आपणच झाकलेले.

अतिनील प्रकाशात ही अडचण सुटते. सुमारे 5800 केल्विनचा सूर्यपृष्ठभाग अतिलघु लांबीच्या अतिनील किरणांत जवळजवळ काळा दिसतो. दहा-पंधरा लाख अंशांचे प्रभामंडल मात्र उजळ. त्यामुळे चकतीची गरजच उरत नाही. हे किरण आपले वातावरण अडवते, म्हणून यानावाचून इलाज नाही.

डिसेंबर 1995 मध्ये सुटलेल्या सोहो यानावर दोन्ही प्रकारची उपकरणे होती. 12 मे 1997 रोजी त्याच्या अतिनील दुर्बिणीने, अकरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाच्या प्रकाशात, बिंबाच्या मध्याजवळ एक स्फोट टिपला. एक उजळ लाट जवळजवळ बिंबभर पसरली. स्फोटाच्या दोन्ही अंगांना काळसर डाग उमटले, कारण तिथले द्रव्य निघून गेले होते. त्यानंतर कॉरोनाग्राफमध्ये कडे दिसले. स्फोट आपल्या बाजूचा, तेव्हा लोंढाही आपल्याकडेच! 15 मे रोजी पृथ्वीवर चुंबकीय वादळ झाले. गंमत म्हणजे ज्वाला अगदी किरकोळ होती. 1859 मध्ये कॅरिंग्टनने साध्या प्रकाशात पाहिली तिच्यापुढे काहीच नव्हे. एकट्या ज्वालेवरून वादळाचा अंदाज कोणी बांधला नसता.

2023 साली निघालेल्या आदित्य-एल1 यानावरही अशी जोडी आहे: बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचा कॉरोनाग्राफ आणि पुण्याच्या आयुकाने उभारलेली अतिनील दुर्बीण ‘सूट’. सूट 200 ते 400 नॅनोमीटरमध्ये पाहते. त्या तरंगलांबीत प्रभामंडल नव्हे, तर त्याखालचे थर दिसतात, आणि स्फोटाची मुळे तिथवर उतरलेली असतात.